म्हातारीची चाल

टाळ्या थांबायचं नाव घेईनात, तेव्हा मास्तरांनी पडदा पुन्हा वर घ्यायला लावला. रंगमंचाच्या मधोमध मावशी उभी होती. पाय फाकवलेले, एक हात खुर्चीच्या पाठीवर, नजर खाली फळ्यांवर. सगळं नाट्यगृह उभं राहून टाळ्या पिटत होतं आणि ही बाई हसत नव्हती, हात जोडत नव्हती, नुसती उभी होती. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ बायकोच्या कानाशी ओरडले, "बघ, अजून म्हातारीच आहे ती! भूमिकेतून बाहेरच आलेली नाही. याला म्हणतात अभिनय!"

खुर्ची सोडली असती तर मावशी तिथल्या तिथे आडवी झाली असती, हे त्या गृहस्थांना कुठून कळणार? मावशीला कळत होतं. पण जन्मात पहिल्यांदा माणसं आपल्यासाठी उभी राहिलेली असताना, आपले पाय जाग्यावर आहेत की नाहीत याची चौकशी कोण करत बसतो? हा स्पर्धेच्या पहिल्या फेरीतला प्रयोग होता आणि अंतिम फेरी आता खिशात, असं विंगेत उभा असलेला प्रत्येक जण म्हणत होता.

आता ही मावशी कोण, ते सांगायला हवं. नाटक कंपनीत तिला झाडून सगळे मावशी म्हणत. तिचा खरा भाचा एकच, मंचावरचे दिवे सांभाळणारा. त्याच्या तोंडून ते नाव निसटलं आणि कंपनीभर झालं. चाळीस वर्षं तिनं कामं केली तीही तसलीच. शेजारीण, सुईण, नायिकेची आत्या, आणि 'कोण आलंय बघते हं' म्हणून जाणारी बाई, जी पुन्हा कुणाला दिसत नाही. तिचं म्हणणं असं की तिनं मंचावर जितकी दारं उघडली तितकी एखाद्या रखवालदारानंही उघडली नसतील. दारं उघडता उघडताच आपण म्हाताऱ्या होणार, हे तिनं मनाशी धरून टाकलं होतं. तेवढ्यात मास्तरांनी, म्हणजे कंपनीच्या दिग्दर्शकांनी, हे नाटक काढलं आणि मुख्य भूमिकेसाठी मावशीकडे बोट दाखवलं.

नाटक साधंच. वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक म्हातारी राहते. खालचा घरमालक भांडायला येतो तेवढाच. एरवी तिच्या दारावर वर्षानुवर्षं कुणी थाप मारलेली नाही. शेवटच्या प्रवेशात दिवे जातात, मिट्ट काळोख होतो आणि त्या काळोखात दारावर थाप पडते. म्हातारी उठते, दारापर्यंत जाते, दार उघडते, बाहेरचा उजेड आत येतो. संपलं.

"म्हणजे पुन्हा दारच!" मावशी म्हणाली होती.

"पण या वेळी तिथवर पोचायला तुम्हाला दोन अंक लागतात," मास्तर म्हणाले होते.

तालमी सुरू झाल्या तेव्हा मावशी चांगली तरातरा चालत होती. मास्तर डोक्याला हात लावायचे. "अहो मावशी, म्हातारी आहे ती, पोस्टमन नाही!" मग हळूहळू, काय झालं कुणास ठाऊक, चाल यायला लागली. पाय रुंद पडू लागले, टाच धपकन फळीवर आपटू लागली, वळताना तोल जाई आणि हात आपसूक भिंत शोधे. मास्तर नाचायचेच काय ते बाकी राहिले.

"कुठून उचललीत हो ही चाल?"

"निरीक्षण," मावशी म्हणाली.

हे साफ खोटं होतं. चाल तिनं कुठूनही उचलली नव्हती. बिनबोलावल्या पाहुण्यासारखी ती आपणहून आली होती आणि आल्या आल्या वाहवा मिळवायला लागली होती. असल्या पाहुण्याला कोण हाकलतं? तळपायांना मुंग्या यायच्या. पायाखाली फळ्या नसून कापूस अंथरलाय असं वाटायचं. सकाळी तोंड धुताना डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून डोळे मिटले की सगळी मोरीच फिरायची, म्हणून ती एका हातानं बेसिन धरून दुसऱ्या हातानं तोंड धुवायची. भूमिका अंगात भिनली की असंच होत असणार, अशी तिनं समजूत करून घेतली. मोठ्या नटांच्या बाबतीत तिनं असलं बरंच ऐकलं होतं. मोठी भूमिका आत्ता आली, तर मोठ्या नटांचा त्रासही आत्ताच यायचा.

बाकीचं सगळं त्याच माळेतलं. दुसऱ्या अंकात तिच्या हातून कप पडला, कारण कप धरलाय की सोडलाय याचा बोटांना पत्ताच लागला नाही. मास्तर ओरडले, "ठेवा! हे असंच ठेवा!" आणि तेव्हापासून दर प्रयोगाला एक कप शहीद होऊ लागला. बोलता बोलता पुढचं वाक्य आठवायचं नाही, ती थांबायची, शून्यात बघायची. मास्तर विंगेत मांडीवर थाप मारायचे. "काय विराम घेते ही बाई!"

खटकलं ते एकट्या भाच्याला. रंगीत तालमीला त्यानं शेवटच्या प्रवेशाचे दिवे घालवले आणि मावशी जाऊन टेबलावर आदळली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. उजेडात तीच वाट तोंडपाठ, पण काळोख झाला की बाईला उभंसुद्धा राहवेना.

"मावशे, तू पायांनी चालतेस की डोळ्यांनी?" भाचा वैतागून म्हणाला. आपण किती खरं बोललो ते बिचाऱ्याला पुढे कळलं. शेवटी त्यानं कोपऱ्यात एक निळा दिवा मिणमिणता ठेवला आणि त्या उजेडात मावशी कशीबशी दारापर्यंत पोचू लागली. एका समीक्षकानं त्या दिव्यावर अर्धा रकाना खर्च केला आणि त्याला आशेचा किरण म्हटलं. भाचा दोन दिवस हवेत होता.

तर त्या टाळ्यांच्या संध्याकाळी मेकअपच्या खोलीत ही झुंबड उडाली. फुलं, सह्या, फोटो. मावशी आरशासमोर बसून होती आणि आरशातल्या बाईचं तिला भारी कौतुक वाटत होतं. गर्दी ओसरता ओसरता एक बाई आत आल्या. चाळिशीच्या, केस आखूड कापलेले, खांद्याला अवजड पिशवी. मावशीनं आतापर्यंतच्या सवयीनं पेन उचललं.

"सही नको," त्या बाई म्हणाल्या. "जीभ दाखवा."

मावशीनं चाळीस वर्षं दिग्दर्शकांचं ऐकलं होतं. ती जीभ बाहेर काढून बसली.

"लाल आणि गुळगुळीत. जळजळते का?"

"आलं चघळते मी, घशासाठी. त्यानं होतं तसं."

"तळपायाला मुंग्या? बोटं बधिर?"

मावशीनं मास्तरांकडे पाहिलं. जणू कुणी तिची चोरी पकडली होती.

"उभ्या राहा. पाय जुळवा. घाबरू नका, मी आहे. आता डोळे मिटा."

पापण्या मिटल्या मात्र, मावशी कललीच. बाईंनी तिला अलगद धरून पुन्हा खुर्चीत बसवलं. मास्तर टाळी वाजवायच्या बेतात म्हणाले, "अहो, हेच तर ती मंचावर..." आणि वाक्य अर्ध्यावर सुटलं, हात हवेत तसाच राहिला.

"मंचावर त्या काय करतात ते मी दोन अंक बघितलं," बाई म्हणाल्या. "मी नसांची डॉक्टर आहे. तिकीट नाटकाचं काढलं होतं, पण खरं सांगते, पहिल्या अंकानंतर मी नाटक बघतच नव्हते. ही चाल मी दवाखान्यात बघते. इतकी हुबेहूब कुणाला करता येत नाही."

मावशीला आधी वाटलं, ही आजवरची सगळ्यात मोठी शाबासकी. वाक्याचा खरा अर्थ तिच्या डोक्यात उतरला तेव्हा तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून नादकाटा काढला, टेबलाच्या कडेवर मारला आणि गुणगुणता दांडा मावशीच्या घोट्यावर टेकवला.

"काय वाटतं?"

"गार लागतंय."

"आणि आता?" दांडा गळ्याच्या हाडावर आला.

"अगंबाई! भुंगा बसल्यासारखं वाटतंय."

"तोच भुंगा घोट्यावरही बसला होता. तुम्हाला कळला नाही." भाचा शेजारी उभा होता, त्यानं तो नादकाटा स्वतःच्या घोट्याला लावून पाहिला आणि दचकला.

मग निघाली खाण्यापिण्याची चौकशी. मावशीनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, की नटाचं आयुष्य म्हणजे संयम. दूध ती तरुणपणीच सोडून बसली होती, कारण दुधानं घशाला कफ धरतो असं तिच्या पहिल्या दिग्दर्शकांनी सांगितलं होतं. दही तर आवाजाचा शत्रूच. अंडी आणि मासे सोडले समोरच्या नटासाठी. वीतभर अंतरावरून त्याच्या तोंडावर बोलायचं, तर त्याला वास नको. मटण खाल्लं की अंग जड होतं. राहिलं काय? बिनदुधाचा चहा, पाव, उकडलेल्या भाज्या, फळं, मध आणि आलं. दौऱ्यावरच्या अवेळी जेवणानं ॲसिडिटी व्हायची, तिच्यावर रोज सकाळी गोळी, गेली कैक वर्षं. मधे चेहरा पांढरा दिसतोय असं मेकअपवाली म्हणाली म्हणून औषधाच्या दुकानातून रक्तवाढीच्या गोळ्या आणल्या. त्याही नेमानं चालू होत्या.

"आणि त्यानं रक्त सुधारलं बरं का," मावशी म्हणाली. "तपासून घेतलं होतं मी. उत्तम आलं."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांचा तोल गेला नाही, पण जायच्या बेतात होता. "तुम्ही एकेक करून सगळी दारं लावून घेतलीत हो!"

"मी? माझं तर आयुष्य दारं उघडण्यात गेलं."

"ऐका. ब जीवनसत्त्वं म्हणजे आठ भावंडं आहेत..."

"आठच? मग बारावं बारावं म्हणतात ते कुठलं?"

"नंबर भराभर देऊन टाकले, मग कळलं की मधली काही जीवनसत्त्वं नव्हतीच. त्यांना घरातून काढलं, बाकीच्यांचे नंबर तसेच राहिले. तर बाकीची भावंडं धान्यात, डाळीत, पालेभाजीत कुठे ना कुठे भेटतात. हे बारावं मात्र झाडपाल्यात सापडत नाही. ते तयार करतात सूक्ष्म जंतू आणि आपल्याला मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. नाहीतर गोळी घ्यावी लागते. तुम्ही यातलं एकही ठेवलं नाहीत. चुकूनमाकून पोटात गेलंच, तर ते अन्नातून सोडवून घ्यायला पोटात आम्ल लागतं, आणि ते तुम्ही रोज सकाळी गोळी घालून झोपवत होतात. साठा शरीरात वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून इतके दिवस निभावलं."

"पण रक्त तर चांगलं होतं ना?" भाच्यानं विचारलं.

"तोच तर घोळ! रक्तवाढीच्या गोळीत फॉलिक ॲसिड असतं, तेही यांच्यातलंच एक भावंड. ते रक्ताची बाजू सांभाळून घेतं. पण नसांचं काम त्याला येत नाही."

मावशी एकदम ताठ बसली. "म्हणजे मुख्य नट आजारी, आणि बदली नटानं पहिला अंक ओढून नेला. प्रेक्षकांना वाटलं सगळं ठीक आहे. पण दुसऱ्या अंकात नाच होता, तो त्याला येतच नव्हता!"

"अगदी!" डॉक्टरीणबाईंनी टेबलावर हात आपटला. "अगदी हेच! आणि नसांवर एक आवरण असतं, ते नीट राहायला हे बारावं लागतं. आवरण झिजलं की पायांचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही."

"इन्सुलेशन गेलं!" भाचा ओरडला. जन्मभर वायरींशी झटलेला माणूस तो, त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रक्ताचा अहवाल आला तेव्हा तिघंही पुन्हा जमली, शिवाय मास्तर. बारावं तळाला गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शनं आजच सुरू, सुरुवातीला एक दिवसाआड. वेळेत सापडलंय, बरंचसं भरून येईल. अगदी सगळं येईल असा शब्द मात्र देत नाही.

"म्हणजे चाल जाईल," मावशी म्हणाली.

"जाईल म्हणजे? गेलीच पाहिजे!"

मावशीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "अंतिम फेरी चार महिन्यांवर आहे. त्यानंतर सुरू केली तर?"

डॉक्टरीणबाई अशा भडकल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली. "नस एकदा वाळली की मग पाणी घालून पालवी फुटत नाही, मावशी! चार महिन्यांनी बक्षीस घ्यायला चाकाच्या खुर्चीतून जायचंय का?"

"तुम्हाला नाही कळायचं," मावशी म्हणाली. "चाळीस वर्षं मी दारं उघडली. एकदाच लोक माझ्यासाठी उभे राहिले. आणि तुम्ही म्हणता तो आजार होता. मग मी काय केलं? टाळ्या कुणाच्या होत्या, माझ्या की त्या तळाला गेलेल्या बाराव्याच्या?"

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन भरायला घेतलं. बोलले ते मास्तर. भिंतीला टेकून उभे होते, चेहरा उतरलेला.

"मावशी, इतकी वर्षं मी स्वतःला डोळस समजत होतो. माझ्यासमोर एक बाई पडत होती आणि मी म्हणत होतो, वा, आणखी एकदा पडा. फेरी गेली खड्ड्यात. बाही वर करा."

मावशीनं बाही वर केली. सुई टोचली तेव्हा ती रडत होती, आणि सुईमुळे नाही हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

पुढचे दिवस मात्र असे काही गेले की विचारू नका. इंजेक्शनाबरोबर मावशीच्या ताटात अंडं आलं, मासा आला, वाटीभर दही आलं. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरीणबाईंनी बेतानं कमी करत आणली. घरमालकाचं काम करणारा नट म्हणाला, "मावशी, खुशाल अंडं खाऊन माझ्या तोंडावर बोला, पण माझ्या अंगावर पडू नका." आणि दह्यानं आवाज बसलाबिसला नाही, उलट जिभेची आग गेली आणि वाक्यं धडाधड आठवायला लागली. मास्तरांचे लाडके विराम एकामागून एक नाहीसे झाले. कपसुद्धा फुटेनासे झाले.

पाय मात्र हट्टाला पेटले होते. आठवडे गेले तरी नादकाटा घोट्यावर गारच लागे. मग एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी दांडा टेकवला आणि मावशी किंचाळली.

"भुंगा!"

"खरंच?"

"आहे! आहे गं बाई, बारीक आहे, पण आहे! पुन्हा मार बघू. आता दुसऱ्या पायाला. अगं, पुन्हा मार ना!" कधी अहोचं अगं झालं ते दोघींनाही कळलं नाही. डॉक्टरीणबाई मारत सुटल्या, मावशी ओरडत सुटली, बाहेर ताटकळलेले रुग्ण दारात येऊन उभे राहिले आणि काय झालंय ते कळायच्या आत हसायला लागले. मावशी घरी जाताना चपला हातात घेऊन गेली. फरशी गार आहे, पायरीची कड खडबडीत आहे, दारातल्या पायपुसण्याला काथ्या आहे, या बातम्या तिला कितीतरी दिवसांनी मिळत होत्या.

आनंदाच्या भरात ती तालमीला आली आणि तिथं तिचं विमान जमिनीवर आदळलं. चाल गेली होती. तिनं जुन्या प्रयोगाचं चित्रीकरण लावून पाय तसेच टाकून पाहिले, रुंद, धप, धप. दिसायला तसंच, आणि तरी खोटं. पोरांनी आजीची नक्कल करावी तसं. मास्तर संहितेत डोकं खुपसून बसले. 'पोस्टमन परत आला' असं ते म्हणाले असते तर मावशीला बरं वाटलं असतं.

चारेक दिवस ती तशीच धपधपत राहिली. अंतिम फेरी तोंडावर आलेली, झोप उडालेली. एका सकाळी ती बेसिनशी तोंड धूत होती, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर साबण. आणि मधेच तिचे हात थांबले. दोन्ही हात चेहऱ्यावर होते!

बेसिन कुणीच धरलेलं नव्हतं. तिनं मुद्दाम एक हात बेसिनवर ठेवून पाहिला, पूर्वीसारखा. आणि तिला सगळं आठवलं. आजारात पाय नव्हते चालत, हात चालत होता. पाऊल टाकायच्या आधी हात काहीतरी धरायला निघायचा. त्याच्याही आधी डोळे जायचे, फळी आहे ना ते बघायला. पाय बिचारे सगळ्यात शेवटी, निरोप न मिळालेल्या माणसासारखे. आणि वेडी ती नक्कल करत होती नेमकी पायांची!

साबणाच्या तोंडानंच ती बाहेरच्या खोलीत आली. डोळे, हात, मग पाय. डोळे, हात, मग पाय. खोलीच्या त्या टोकाला पोचेपर्यंत तिला हुंदका फुटला होता आणि ती मोठमोठ्यानं हसत होती. 'निरीक्षण,' ती स्वतःशीच म्हणाली. या वेळी ते खरं होतं.

अंतिम फेरीच्या दिवशी त्याच नाट्यगृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. डॉक्टरीणबाई तिसऱ्या रांगेत होत्या. मावशीनंच त्यांना पास पाठवला होता आणि तालमीतलं काही एक त्यांच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं. पहिला अंक झाला. पडदा पुरता खाली यायच्या आत मेकअपच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. डॉक्टरीणबाई! चेहरा पांढराफटक, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नादकाटा.

"इंजेक्शन चुकवलंत ना? खरं सांगा! मागच्या आठवड्यात इतक्या छान होतात, आणि आज पुन्हा ती चाल! फेरीसाठी थांबवलंत ना तुम्ही? जीभ दाखवा!"

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग आरशात स्वतःकडे पाहिलं. मग शाळकरी पोरीसारखी लांबलचक जीभ बाहेर काढून दाखवली, आणि चपला काढून, खोलीभर अशी काही गिरकी घेतली की मेकअपवालीच्या हातातला पावडरचा डबा उडाला.

डॉक्टरीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे... ते..."

"कुणाला करता येत नाही म्हणाली होतीस ना?"

मास्तर दारात उभे होते, त्यांनी नुसतंच नाक ओढलं. भाचा मागून डोकावला. मावशीनं त्याला जवळ बोलावलं.

"शेवटच्या प्रवेशात निळा दिवा नको."

"मावशे, आशेचा किरण आहे तो!"

"असू दे. काळोख कर. मास्तरांनी आधी म्हटला होता तसा, पुरता."

भाच्यानं मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी नादकाटा पिशवीत टाकला आणि मान हलवली.

दुसरा अंक चढत गेला. कप पडला, आणि या वेळी तो मावशीनं पाडला. विराम आले, आणि प्रत्येक विरामात पुढचं वाक्य तिच्या जिभेवर तयार बसलेलं होतं. मग दिवे गेले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख झाला. दारावर थाप पडली.

मावशी उठली. लोकांच्या कानांसाठी ती टाच आपटत होती, धप, धप, म्हातारीची. पण टाचेमागून तळवा टेकत होता तो तिचा स्वतःचा. ही फळ्यांमधली फट. हे वर आलेलं खिळ्याचं डोकं, ज्याच्यावरून आजारात ती कितीदा गेली असेल आणि तिला पत्ताही नव्हता. ही चटईची कड. इथून टेबल उजव्या हाताला. एवढी सुंदर ती आयुष्यात कधी चालली नसेल आणि ते चालणं बघायला कुणी नव्हतं. तिला त्याची गंमत वाटली. हात पुढे गेला, कडी सापडली, दार उघडलं, आणि भाच्यानं ठेवणीतला सगळा उजेड तिच्या अंगावर ओतला.

टाळ्यांनी छत डोक्यावर घेतलं. पडदा पडला, पुन्हा वर गेला. मधोमध खुर्ची ठेवलेली होती, नेहमीसारखी. मावशी म्हातारीच्या चालीनं तिच्यापर्यंत आली, आणि तिनं खुर्ची बाजूला सरकवली. मोकळ्या मंचावर तिनं दोन्ही पाय जुळवले, हात जोडले आणि डोळे मिटले.

ती तशीच उभी राहिली, सरळ, कितीतरी वेळ. लोक म्हातारीसाठी टाळ्या वाजवत होते. तिसऱ्या रांगेत मात्र एक बाई खुर्चीवर चढून, पिशवी खाली टाकून, त्या जुळलेल्या पायांसाठी टाळ्या वाजवत होती.